धुरंधरांचं नाक

धुरंधर हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. लोकांच्या घरातली झुरळं, ढेकूण आणि वाळवी मारणं हा त्यांचा धंदा. फार वर्षांपूर्वी गावातल्या जुन्या नाट्यगृहात त्यांनी धुराचं यंत्र असं काही सोडलं की खुर्च्या, पडदा, रंगमंच, सगळं गुडुप झालं. त्या पांढऱ्या ढगातून ते एकटेच, तोंडाला साधं फडकंही न बांधता, संथ पावलं टाकत बाहेर आले. दारात खोकत उभा असलेला मॅनेजर हात जोडून म्हणाला, "या, धुरंधर." एन्ट्री अशी झाल्यावर नाव चिकटणारच. पुढे पोस्टमनसुद्धा खालून त्याच नावाने हाक मारायचा.

त्यांच्या धंद्यातले बाकीचे लोक चोरासारखे यायचे, फवारायचे आणि निघून जायचे. धुरंधरांचा मात्र प्रयोग व्हायचा. पाठीवरचा पंप खोलीच्या मधोमध ठेवायचा. घरातली सगळी माणसं जमेपर्यंत थांबायचं. मग उजवी बाही सावकाश वर सरकवायची आणि पिशवीतून एक बाटली काढायची. ती कधी सॉसची असायची, कधी सरबताची, पण तिच्यावर चिठ्ठी कधीच नसायची. बूच उघडून बाटली नाकाखाली धरायची आणि डोळे मिटायचे. प्रेक्षक श्वास रोखून धरत. तो त्यांना रोखावाच लागे, कारण दर्प तसाच असे. क्षणभर शांतता. मग डोळे उघडून धुरंधर जाहीर करत, "आज तेज आहे."

पुढचा भाग तर टाळीचाच. बादलीभर पाण्यात ते औषध ओतून धुरंधर स्वतःचा हात कोपरापर्यंत बुडवून ढवळत. काठी नको, चमचा नको. एखाद्या घरातल्या आजी घाबरून म्हणायच्या, अहो, हाताला काही होईल. त्यासरशी ते ओला हात दाढी केल्यावर लावतात तसा दोन्ही गालांवर फिरवत आणि म्हणत की हे ढेकणाला विष आणि माणसाला औषध, इतकी वर्षं हात बुडवतोय, काही झालंय का मला? आजी मग शेजारच्या घरी धुरंधरांचं नाव सांगत.

बाटल्यांवर चिठ्ठ्या का नाहीत, असं एकदा कुणीतरी विचारलं होतं. धुरंधरांनी नुसतं नाकावर बोट ठेवलं. कुठलं औषध, किती जुनं, कुणी पाणी मिसळलंय का, हे सगळं ते नाक सांगायचं. वासावरून बाटली ओळखण्यात त्यांचा हात, म्हणजे त्यांचं नाक, धरणारा कुणी नव्हता. घरी मागच्या गॅलरीत बंद कपाटात अशा बिनचिठ्ठीच्या बाटल्या ओळीने उभ्या असत, आणि त्या नाकाच्या भरवशावर सगळा कारभार चालत असे.

आणि ते नाक गेलं.

एका दिवसात गेलं असतं तर कळलं तरी असतं. एकेक पात्र बिनबोभाट विंगेत जावं तसे वास निघून गेले. आधी फुलं गेली. मग साबण, मग फोडणी. सगळ्यात शेवटी औषधाचा दर्प गेला, आणि रंगमंच रिकामा झाला. धुरंधरांनी स्वतःला सांगितलं की सर्दी आहे. माणसाची सर्दी चार दिवसांत जाते. धुरंधरांची सर्दी संसाराला लागली होती.

पण प्रयोग थांबला नाही. त्यांनी एक युक्ती काढली. बाटली नाकाखाली धरायची, डोळे मिटल्यासारखे करायचे आणि पापणीत बारीक फट ठेवायची. समोरच्या पोराने नाक मुरडलं की औषध तेज. गृहस्थाने रुमाल काढला की फार तेज. कुणी खिडकीकडे पळालं तर मात्र पाणी जास्त घालायचं. आपल्याला येत नसलेलं वाक्य समोरच्याच्या चेहऱ्यावर वाचायचं, हे मुरलेल्या नटालाच जमतं. धुरंधरांना ते इतकं जमलं की त्यांच्या नाकाची कीर्ती नाक गेल्यावर वाढली.

हातही थरथरायला लागले होते. चहाचा कप उचलला की बशी वाजायची. धुरंधर म्हणायचे, पंप मारायची सवय, दुसरं काय. त्यांचा एक जुना जोडीदार होता, त्याच पंपांवर दोघांची उमेदीची वर्षं गेलेली. तो आता घरी बसून असायचा. त्याची पावलं जमिनीला चिकटायची आणि चेहरा पुठ्ठ्याचा करावा तसा झालेला, हसला तरी कळायचं नाही. त्याला भेटायला जायचं धुरंधरांनी हळूहळू सोडून दिलं. कारण विचारलं तर सांगायचे की त्याच्या घराचे जिने फार.

बायकोला सगळी इमारत काकू म्हणायची. काकू बोलायला कमी आणि बघायला जास्त. एकदा धुरंधर घरात शिरले आणि हात पसरून म्हणाले, वा, काय वास सुटलाय, आज काय बेत आहे? काकू फिनेलने फरशी पुसत होत्या. त्यांनी फडकं पिळलं आणि जेवायला वेळ आहे एवढंच म्हणाल्या.

असं सगळं ठाकठीक चाललेलं असताना लेकीला मुलगी झाली.

लेक इस्पितळात नर्स. तिच्या आवाजाने पेशंट मुकाट्याने गोळी गिळत, मग बापाची काय कथा. बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर ती त्याला घेऊन घरी आली. काकूंनी नातीला घेतलं, कुशीत धरलं, पुरेसं न्याहाळलं. धुरंधर शेजारी दोन्ही हात पुढे करून उभे होते, खाऊचा डबा उघडायची वाट बघणाऱ्या पोरासारखे. लेकीने त्या हातांकडे बघितलं. हात थांबलेले होते, तरी हलत होते.

"आधी डॉक्टर, मग मांडी," लेक म्हणाली.

धुरंधरांना हा अपमान वाटला. ज्या हातांनी तुला वाढवलं वगैरे भाषण त्यांनी सुरू केलं. लेकीने ते पूर्ण होऊ दिलं. मग ती म्हणाली की हात का थरथरतात हे कळल्याशिवाय ती बाळ त्यांच्याकडे देणार नाही, आणि डॉक्टरांची वेळ तिने घेऊन ठेवली आहे.

"मला काहीही झालेलं नाही," धुरंधर म्हणाले. "माझं नाक अगदी ठणठणीत आहे."

"नाकाचं कोण बोललं, बाबा? मी हातांचं बोलले."

काकूंनी बाळाच्या टोपीचा बंद, तो सुटलेला नसताना, पुन्हा बांधला. धुरंधरांच्या लक्षात आलं की आपण दुसऱ्या अंकातलं वाक्य पहिल्याच अंकात बोलून बसलो. आता माघार घेणं म्हणजे नाक कापून घेणं. ते म्हणाले की नाक गेलं असतं तर एवढं मोठं नाट्यगृह कुणाच्या जिवावर सांभाळतोय? सोमवारी तिथे काम आहे. ये बघायला. सगळ्यांदेखत ओळखून दाखवतो. ओळखलं तर बाळ माझ्या मांडीवर, आणि डॉक्टर गेला त्याच्या घरी.

"आणि नाही ओळखलं तर?"

"तर तू म्हणशील तिथे येतो."

लेकीने आईकडे बघितलं, आईने बाळाकडे. बाळ जांभई देत होतं. पैज ठरली.

आता नाट्यगृहाची कथा अशी होती की तिथल्या ढेकणांनी अलीकडे डोकं वर काढलं होतं. धुरंधर पुन्हा पुन्हा एकटेच जाऊन फवारून येत आणि ढेकूण पुन्हा पुन्हा प्रयोगाला हजर राहत. मागच्या आठवड्यात तर नायिकेच्या मरणाच्या प्रवेशाला एक डोळा ओला झाला नाही. सगळं प्रेक्षागृह खाजवण्यात गुंतलेलं. खुद्द नायिकेने मेल्यावर एकदा मांडी खाजवली. मॅनेजर हवालदिल झाला होता. धुरंधरांनाही कोडं पडलं होतं, कारण गावातल्या इतर घरांतून तक्रार नव्हती. उलट लोक म्हणत होते की इतकी स्वच्छ सफाई धुरंधरांनी पूर्वी कधी केली नव्हती. मग एकट्या नाट्यगृहातच घोडं कुठे पेंड खातंय?

रविवारी काकू म्हणाल्या, तेवढं नाट्यगृह दुसऱ्या कुणाला बघू द्या ना. काकू असं कधी म्हणत नसत. धुरंधरांनी ऐकून घेतलं नाही. मग काकू म्हणाल्या, मीही येते. हेही त्या कधी म्हणत नसत.

सोमवारी प्रयोग नसतो. रिकाम्या नाट्यगृहात एकच झोत रंगमंचावर पडला होता आणि मागच्या खुर्च्या अंधारात बुडाल्या होत्या. रंगमंचाच्या कडेला मॅनेजर, पडदेवाला आणि दिवेवाला उभे होते. लेक बाळाला नवऱ्याजवळ ठेवून आली होती आणि हाताची घडी घालून उभी होती. काकू विंगेत होत्या, अर्ध्या उजेडात.

धुरंधरांनी पंप मधोमध ठेवला. बाही सरकवली. गॅलरीतल्या कपाटातली सरबताची बाटली काढली, बूच उघडलं आणि डोळे मिटले. पापणीच्या फटीतून त्यांनी मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरचा चेहरा दगड. पडदेवाल्याकडे बघितलं. तो कुतूहलाने बाटलीकडे बघत होता, पण नाक जागच्या जागी. दिवेवाला जांभई देत होता. लेकीच्या चेहऱ्यावर तर एक रेष हलेना. काकू जमिनीकडे बघत होत्या.

कुणीच वाक्य देईना. आणि ज्याला वाक्य आठवत नाही तो नट नेहमी जास्त मोठ्याने बोलतो.

"आज फारच तेज आहे," धुरंधर गरजले. "जरा मागे सरका सगळे."

कुणी सरकलं नाही. धुरंधरांनी बाटली बादलीत रिकामी केली आणि लेकीला दिसावं म्हणून हात कोपराच्याही वर बुडवून रोजच्यापेक्षा जोरात ढवळलं. पाणी पांढरं झालं. फेस वर आला, काठावर आला, दंडापर्यंत चढला. धुरंधरांना वाटलं, औषध खरंच जबर दिसतंय. त्यांनी ते पंपात भरलं, पहिल्या रांगेकडे नळी रोखली आणि दट्ट्या मारला. नळीच्या तोंडातून फेसाचा गोळा लोंबला. मग एक बुडबुडा निघाला, मग दहा, मग एक लोंढाच. ते रंगमंचावरून तरंगत प्रेक्षागृहाकडे निघाले आणि दिवेवाल्याने, केवळ सवयीने, त्यांच्यावर झोत टाकला. बुडबुडे निळे, जांभळे चमकायला लागले. इतका देखणा देखावा त्या रंगमंचावर बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. पडदेवाल्याला टाळी आवरली नाही.

पहिल्या रांगेतल्या खुर्चीच्या हातावर एक ढेकूण आला, फेसात थांबला, आंघोळ उरकल्यासारखा पलीकडून बाहेर पडला आणि आपल्या वाटेने गेला.

मॅनेजर पुढे आला. त्याने बादलीत बोट बुडवलं, हुंगलं आणि शक्य तितक्या हळू म्हणाला, "धुरंधर, हा कपड्यांचा साबण आहे. आमच्या घरी हाच येतो."

धुरंधर विंगेकडे वळले. काकूंनी मान वर केली. तेवढं पुरेसं होतं.

मेकअपच्या खोलीत आरशासमोर धुरंधर बसले. भोवतीच्या दिव्यांत दंडावरचा फेस विरत चालला होता. त्यांना आधी राग आला, मग लाज, मग पुन्हा राग. काकू समोरच्या स्टुलावर बसल्या. हे कधीपासून, असं धुरंधरांनी विचारलं. गॅसच्या दिवसापासून, असं काकूंनी सांगितलं.

धुरंधरांना तो दिवस अर्धवट आठवत होता. त्या दिवशी शेगडीचं बटण उघडं राहिलं होतं. जिन्यापर्यंत वास पसरला होता, शेजारी दार ठोठावत होते आणि काकू बाजारातून धावत वर आल्या होत्या. धुरंधर स्वयंपाकघरात बसून पेपर वाचत होते, आणि चहा करावा म्हणून नुकतेच उठले होते.

"काडेपेटी तुमच्या हातात होती," काकू म्हणाल्या. "उघडलेली."

धुरंधर दंडावरचा फेस पुसायला लागले.

काकूंनी मग सगळं सांगितलं. खरी औषधं लेकीने, जिथे असली घातक रसायनं रीतसर जमा करून घेतात, तिथे नेऊन दिली होती. बाटल्या नव्या आणून त्यांत साबणाचं पाणी भरलं होतं. धुरंधरांनी एवढंच विचारलं की मग गिऱ्हाइकं इतकी खूश कशी? तेव्हा काकू जरा ओशाळल्या. कामाचे फोन त्याच घेत. फोनवर त्या प्रत्येक घरी सांगत की साहेब येण्याआधी चादरी उकळत्या पाण्यातून काढा, गाद्या दिवसभर कडक उन्हात घाला, फटी बुजवा, खरकटं रात्री ठेवू नका, आणि साहेबांनी बाटली उघडली की नाकाला रुमाल लावा, नाहीतर साहेबांचं औषध लागत नाही.

"म्हणजे एवढे ढेकूण तू मारलेस," धुरंधर म्हणाले.

"उन्हाने मारले. मी नुसतं सांगितलं. नाट्यगृहाच्या खुर्च्या तेवढ्या उन्हात घालता येईनात."

धुरंधरांच्या अभिमानाला धक्का बसला होता हे खरं, पण मनातल्या मनात त्यांनी दादही दिली. इतके दिवस चाललेला प्रयोग, आणि प्रॉम्प्टर कुणालाच दिसला नाही. त्यांना तर नाहीच. मात्र तोंडाने ते म्हणाले की हे सगळं उगाच केलंस, हाताने ढवळलं तरी मला आजवर काय झालं होतं?

आतापर्यंत दाराशी गप्प उभी असलेली लेक तेव्हा बोलली. आवाज नर्सचा नव्हता.

"तुम्ही कामावरून आलात की मी धावत येऊन तुमच्या शर्टाला बिलगायचे. आठवतं? रात्री मला धाप लागायची. आई पाठ चोळत बसायची, आणि तुम्ही म्हणायचात, पोर नाजूक आहे. तो शर्ट आमच्या कपड्यांत धुतला जायचा, बाबा. मी नाजूक नव्हते. आणि जोडीदार काकाही म्हाताऱ्यासारखे चालायला लागले, तेव्हा ते म्हातारे नव्हते. तुम्ही पैज हरलात म्हणून येऊ नका. या."

आरशाभोवतीचा एक दिवा लुकलुकत होता. धुरंधरांनी कोपऱ्यातल्या बेसिनवर दोन्ही हात धुतले, नुसत्या पाण्याने, बराच वेळ.

डॉक्टरांकडे त्यांना शेवटचा धक्का बसायचा होता. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले आणि एक कुपी नाकाखाली धरली. धुरंधरांनी सवयीने पापणीत फट ठेवली आणि डॉक्टरांचा चेहरा वाचायला गेले, तर डॉक्टरांच्या तोंडावर मास्क. वर फक्त चष्मा, आणि त्यात धुरंधरांचंच प्रतिबिंब. दुसरी कुपी आली, तिसरी आली. नाक मुरडणारं पोर नाही, रुमाल काढणारा गृहस्थ नाही. शेजारी काकू बसल्या होत्या. सांगायचं ठरवलं असतं तर त्या खुणेने सांगू शकल्या असत्या. त्यांनी सांगितलं नाही.

"येत नाही," धुरंधर म्हणाले. "कशाचाच येत नाही. बरीच वर्षं झाली." आणि इतक्या वर्षांची ती सर्दी त्यांनी तिथे खाली ठेवली.

डॉक्टरांनी हात बघितले, चालवून बघितलं, एकच ओळ चार वेळा लिहून घेतली. मग सरळ सांगितलं. असली रसायनं एका दिवसात पाडत नाहीत. कातडीतून, श्वासातून थोडी थोडी आत जातात आणि वर्षानुवर्षं मज्जातंतूंवर काम करतात. नाक आधी जातं, हात मागून बोलतात. हे सगळं केवळ फवारणीनेच झालं असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही, पण फवारणाऱ्यांत असं जास्त दिसतं आणि दुर्लक्ष करण्यासारखं हे नाही. रक्त, यकृत, फुप्फुसं, सगळं तपासायचं आणि पुढेही तपासत राहायचं. थरथर गोळीने कमी होईल. नाकाचा भरवसा देता येणार नाही. औषध म्हणून ज्याला तुम्ही इतकी वर्षं हात लावलात, त्याला आता पुन्हा हात लावायचा नाही.

धुरंधरांनी एकच प्रश्न विचारला. "नातीला घेता येईल का?"

"बसून घ्या," डॉक्टर म्हणाले. "हाताखाली उशी घ्या."

पुढच्या आठवड्यात धुरंधर जोडीदाराचे फार असलेले जिने चढून गेले आणि त्यालाही डॉक्टरांकडे घेऊन आले. दोघं बाहेरच्या बाकावर बसून एकमेकांच्या हातांकडे बघत होते. तुझा ठेका जलद आहे, असं जोडीदार म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, पण धुरंधरांना कळलं की तो हसतोय. नाट्यगृहाने वाफेचं यंत्र आणलं. ते खुर्च्यांवर कसं फिरवायचं हे धुरंधर पडदेवाल्याला मागे उभे राहून दाखवतात, आणि नायिका आता शांतपणे मरते.

लेक ठरल्याप्रमाणे आली. हात असलेली खुर्ची, दोन्हीकडे उशा, आणि मधे धुरंधर, नवा धुतलेला शर्ट घालून, पहिल्या प्रयोगाच्या नटासारखे बसलेले. लेकीने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि लगेच हात काढून घेतले नाहीत. मग काढून घेतले.

धुरंधरांनी वाकून बाळाच्या टाळूवर नाक टेकवलं. सगळे म्हणतात, तिथे एक वास असतो. ते तसेच थांबले. काहीच आलं नाही. काकू खुर्चीच्या मागे उभ्या होत्या. त्या खाली वाकून अगदी कानाशी म्हणाल्या, "दुधाचा. थोडा उन्हात वाळलेल्या कापडाचा."

"दुधाचा," धुरंधर म्हणाले. "थोडा उन्हात वाळलेल्या कापडाचा." आणि दोन वेळा पापण्या मिटल्या, या वेळी पूर्ण.

तेवढ्यात बाळाचा चेहरा लाल झाला. भुवया एकत्र आल्या. खोलीभर एक गंभीर शांतता झाली आणि मग बाळ मोकळं होऊन हसलं. धुरंधरांनी वर बघितलं. लेकीने नाकाला रुमाल लावला होता. काकू खिडकीकडे निघाल्या होत्या.

"आज तेज आहे," धुरंधर म्हणाले.

हा लंगोट बदलायचा कुणी, यावर मायलेकी एकमेकींकडे बघायला लागल्या. धुरंधर खुर्चीत ताठ बसले. या घरात या कामाला त्यांच्यासारखा माणूस दुसरा नव्हता, आणि हे तिघांनाही एकदमच कळलं. त्यांनी बाळाला सावकाश लेकीच्या हातात दिलं, उजवी बाही वर सरकवली आणि उठले.

"थांबा," ते म्हणाले. "आधी हात धुऊन येतो. साबणाने."